दोन आठ्या

"रागावल्यासारखं तोंड करा बघू," डॉक्टर मगदूम म्हणाल्या.

मी केलं. म्हणजे खरं सांगायचं तर काहीच केलं नाही, होतं तसंच ठेवलं.

"करा ना."

"केलंय की."

त्या हसल्या. खुर्ची पुढं ओढून त्यांनी माझ्या कपाळावर दिवा वळवला. "बरं, आता नवल वाटल्यासारखं करा. भुवया वर."

मी भुवया वर नेल्या.

"बापरे! शालनताई, तुमच्या कपाळाला भलताच व्यायाम आहे हो. या मधल्या दोन उभ्या आठ्या कधीपासूनच्या?"

"लहानपणापासूनच म्हणा की. दहावीच्या हॉलतिकिटावरच्या फोटोतसुद्धा दिसतात."

"तापट होता का लहानपणी?"

"छे! बडबडी होते."

डॉक्टरांना त्याचा काही अर्थ लागला नाही. लागायचं कारणही नव्हतं, कारण तेव्हा तो मलाही लागला नव्हता. बडबडी म्हटलं खरं, पण कपाळाचा त्याच्याशी संबंध असेल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या दोन आठ्या परत आपल्या जागी येऊन बसल्यात आणि मी दुकानात मागच्या बाजूला, दुरुस्तीच्या टेबलाशी बसते. तुटलेल्या साखळ्या, सैल झालेल्या फिरक्या, हरवलेले आकडे. जुनी गिऱ्हाइकं भेटली की विचारतात, "शालनताई, वरच्या मजल्यावर किती छान दिसत होता तुम्ही, सोडलंत का ते?" त्यांना एवढं सगळं उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून मी आपली हसते.

दुकान सांगलीच्या सराफ कट्ट्यावरचं. मी तिथं लग्नाआधीपासून होते, लग्नानंतर राहिले, नवरा गेला तेव्हाही तिथंच होते. ठुशी कुठल्या गळ्याला शोभेल आणि कुठल्या गळ्याला कोल्हापुरी साज जड होईल हे मला माणूस पायऱ्या चढत असतानाच कळायचं. हे काम माझ्या आवडीचं होतं. नवऱ्या मुलीच्या गळ्यात पहिल्यांदा तन्मणी घालायचा, आरसा तिच्यापुढं धरायचा आणि ती स्वतःलाच ओळखेनाशी झाली की तिच्या आईकडं बघायचं, यासारखं दुसरं सुख मला माहीत नव्हतं.

आमच्या शेठनी वरच्या मजल्यावर खास लग्नाच्या दागिन्यांचं नवं दालन काढलं. सगळ्यांना वाटत होतं, तिथं मुख्य म्हणून मीच बसणार. मलाही वाटत होतं. पण एक दिवस एक बाई विहिणीला घेऊन आल्या आणि दोन हार बघून तशाच उतरून गेल्या. जाताना शेठना म्हणाल्या, "तुमची ती बाई, आम्हाला परवडणारच नाही अशा नजरेनं बघत होती."

शेठनी मला आत बोलावलं. "शालनताई, तुमच्या हाताला तोड नाही. पण कपाळाचं काय करू मी?"

"काय झालं कपाळाला?"

"सदानकदा आठ्या. मला माहीत आहे तुम्ही रागावलेल्या नसता. पण गिऱ्हाइकाला काय माहीत? वरचं दालन हसऱ्या माणसाचं काम आहे. दसऱ्यापर्यंत बघतो. नाहीतर तुम्ही मागं दुरुस्ती सांभाळा, वर दुसरी कोणीतरी बसवतो."

तोंडात मारल्यासारखं झालं. घरी आले, आरशासमोर उभी राहिले आणि कपाळ चेपून चेपून सपाट करत बसले. हात काढला की आठ्या पुन्हा हजर. चार दिवस असा धुमसत्या चुलीसारखा जीव घेऊन वावरले आणि पाचव्या दिवशी एका गिऱ्हाइकानंच सांगितलेल्या डॉक्टर मगदूमांकडं जाऊन बसले.

बाई सरळ होत्या. त्यांनी मला भुलवलं नाही, हे मुद्दाम सांगते.

"हे बघा, हा काही आजार नाही," त्या म्हणाल्या. "नाही केलं तरी तुमचं काही बिघडत नाही. इंजेक्शननं इथले स्नायू तीनचार महिने ढिले पडतात, आठ्या फिक्या होतात. मग औषध उतरतं, पुन्हा घ्यावं लागतं. डोकं दुखू शकतं, पापणी जड वाटू शकते. कुणासाठी करून घेताय?"

"दुकानासाठी."

"आणि स्वतःसाठी?"

"दुकान म्हणजे मीच की, डॉक्टर."

"मग मी फक्त या दोन आठ्यांचंच करते."

"आलेच आहे तर वरच्या आडव्या रेघांचंही बघा ना. सगळं कपाळच गुळगुळीत करा."

डॉक्टरांनी माझ्या भुवईवर बोट ठेवलं. "तेही केलं तर काही महिने भुवया वर उचलता येणार नाहीत बरं का. चेहरा जरा स्थिर दिसेल. चालेल?"

"न चालायला काय झालं? भुवया उडवून मला कुठं तमाशाच्या फडावर उभं राहायचंय?"

दोघी पोट धरून हसलो. "आठवडाभर विचार करा," त्या म्हणाल्या, "घरच्यांना विचारा आणि मगच या."

घरचे म्हणजे आई. मुलगी नांदायला गेलेली, त्यामुळं घरात आम्ही दोघीच. आईला जन्मापासून ऐकू येत नाही. शाळेचं तोंड तिनं बघितलेलं नाही, त्यामुळं शाळेत शिकवतात ती खुणांची भाषाही तिची नव्हे. आमची भाषा घरीच तयार झालेली, तिची, माझी आणि धाकट्या भारतची. भारतचे कान लहानपणी सुपाएवढे होते, म्हणून कान ओढला की भारत. तळहाताची बशी करून ओठाला लावली की चहा. हात पुढं फेकला की जा. बोलायला लागायच्या आधीपासून मला या खुणा येत होत्या, आणि आईजवळ बसले की माझे हात थांबायचे नाहीत. तिचं बोलणं मी इथं शब्दांत लिहितेय, पण ते सगळं हातांचं आहे.

मी तिला सुई दाखवली, कपाळ दाखवलं, त्यावरून हात फिरवून सपाट केलं.

"दुखेल?" तिनं विचारलं.

"मुंगी चावल्यागत."

"कशासाठी?"

"दुकानासाठी. वरच्या मजल्यावर हसरं माणूस पाहिजे."

आईनं थोडा विचार केला. मग पुढं सरकून माझ्या कपाळावरून अंगठा फिरवला. "घे की. लग्नात दिसत होतीस तशी दिसशील."

झालं. गौरी-गणपती उरकले आणि मी इंजेक्शनं घेतली. सुरुवातीला काही फरक नाही म्हणून मनातून खट्टू झाले होते. मग एका सकाळी वेणी घालताना आरशात बघितलं तर कपाळ सारवलेल्या अंगणासारखं. रागावून बघितलं, काही नाही. डोळे फाडून बघितलं, तरी काही नाही. मी एकटीच आरशासमोर वेड्यासारखी हसत होते. खूप आनंद झाला होता, उगीच कशाला नाही म्हणू?

शेठनी मला दसऱ्याची वाट न बघता वर बसवलं. एका नवरीची आजी मला न्याहाळत म्हणाली, "बाई किती शांत आहे हो! देवीपुढं बसल्यागत वाटतंय." तिनं नातीसाठी ठुशीबरोबर चिंचपेटीही घेतली. त्या दिवशी मी दुकानाच्या पायऱ्या उतरले नाही, तरंगत आले.

घरी मात्र काहीतरी बिघडायला लागलं. काय ते कळेना.

संध्याकाळी आले की मी आईला विचारायची, "चहा घेतेस?" ती उठायची आणि चहा टाकायची. मला वाटायचं, हिलाच तल्लफ आलेली दिसते. पण चहा झाला की माझ्यापुढं ठेवायची आणि स्वतः घ्यायची नाही. एकदा विचारलं, "दूधवाला आला?" तर पातेलं घेऊन धावत दाराशी गेली. बाहेर चिटपाखरू नव्हतं. परत येऊन माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी तिची थट्टाच केली होती. एकदा ती पाय धरून उठताना दिसली म्हणून विचारलं, "गुडघा दुखतोय?" तर तिनं तेल गरम करून आणलं आणि माझाच गुडघा चोळत बसली. मी म्हटलं, वय झालं, माया उफाळून आलीय. गुडघा चोळून घेतला.

मग ती गप्प होत गेली. ऐकू न येणारं माणूस गप्प झालेलं कसं कळतं, असं तुम्हाला वाटेल. हात मांडीवर पडून राहतात. पूर्वी मी चपला काढायच्या आत ती दुकानातल्या नवऱ्या मुलींची चौकशी सुरू करायची, कोण आली, कशी होती, सासू कशी होती. आता ताट वाढून बाजूला बसायची. एकदा तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"ताप आहे?" तिनं विचारलं.

"नाही."

"कोणी काही बोललं?"

"नाही गं."

"मग?" तिनं विचारलं. मी हात झटकून हसले, कारण माझं सगळं उत्तम चाललं होतं.

दसऱ्यानंतर भारतचा फोन आला. तो चाकणला कंपनीत आहे. "अक्का, नवीन फ्लॅटवर आलोय आम्ही. आईनं अजून बघितला न्हाई. दे की लावून चार दिवस. माझा एक दोस्त उद्या सांगलीतनं निघालाय, त्याच्या गाडीत बसवून दे."

मी आईकडं वळले. कान ओढला, हात पुढं फेकला, चार बोटं दाखवली. भारतकडं चार दिवस जातेस का, असं विचारलं.

आई माझ्या हाताकडं बघत नव्हती. ती माझ्या चेहऱ्याकडं बघत होती.

"मी?" तिनं छातीवर बोट ठेवलं.

"हो, तू."

"उद्या?"

"उद्या. गाडी आहे."

तिनं मान हलवली आणि उठून आत गेली. मी भारतला म्हटलं, "येतेय रे, लगेच तयार झाली. लेकाचं नवं घर म्हटल्यावर काय!" आत ट्रंकेचा आवाज येत होता. हिला घाईच झालीय, असं वाटून मला जरा मत्सरही वाटला.

सकाळी गाडीत बसताना तिनं माझा पदर सारखा केला. गाडी कोपऱ्यावर वळली तरी तिनं मागं बघितलं नाही.

संध्याकाळी दिवा लावायला देवघरासमोर बसले आणि हातातली काडी विझेपर्यंत तशीच राहिले. आईचे टाक नव्हते. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले खंडोबा, जोतिबा, तुळजाभवानी. तिच्या सासूनं तिच्या हाती दिलेले. आमच्याकडं ज्या घरात टाक ते घर आपलं. चार दिवसांना पाहुणी जाणारी बाई टाक बरोबर नेत नाही. ते नेले म्हणजे बिऱ्हाड हललं.

मी ट्रंक उघडली. तीही रिकामी होती.

पुढचे दिवस मी काय केलं मला नीट सांगता येत नाही. घरातल्या घरात फिरत होते. धुतलेली भांडी परत धुवायची, लावलेलं दार परत लावून बघायची. दुकानात एका नवरीच्या गळ्यात मोहनमाळ उलटी अडकवली. ती हसली, मी हसले, आणि माझ्या कपाळावर काही दिसलं नाही म्हणून कुणाला काही कळलं नाही.

रोज भारतच्या मोबाईलवर आईला बघायची. ती पडद्याच्या कडेला बसलेली असायची. मी खुणेनं विचारायची, "बरी आहेस?" ती मान हलवायची. "जेवलीस?" मान हलवायची. "तिथं किती दिवस राहणार?" या प्रश्नावर ती मोबाईल सुनेच्या हातात द्यायची.

"अरे, तिला काही बोलला नाहीत ना तुम्ही?" मी भारतला विचारलं.

"आम्ही काय बोलणार? मीच तुला विचारणार होतो. गाठोडं बांधून आलीय की ती."

धनत्रयोदशीला सराफाच्या दुकानातून हलता येत नाही, पाडव्याला तर नाहीच. दिवाळी मी एकटीनं केली, म्हणजे दारात एक पणती लावली. मधेच डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन आला. आधीचा असर उतरायच्या आत परत घ्यायचं असेल तर वेळ लिहून ठेवू का? शेठही म्हणाले, "तुळशीचं लग्न झालं की गर्दी उसळेल, त्याआधी घेऊन टाका. वरचं दालन आता कायमचं तुमचंच." मी दवाखान्याला हो म्हणाले, वेळ घेतली, आणि भाऊबीजेला पहाटेची एसटी पकडून निघाले.

भारतची बायको सुनीता स्वभावानं चांगली आहे. दारातच म्हणाली, "अक्का, बरं झालं आलात. मला त्यांचं काही कळतच नाही हो. मी आपलं बोट दाखवते, त्या मान हलवतात. दिवसभर गॅलरीत बसून असतात."

गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर आई बसली होती. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. मी पुढं होऊन तिच्या पाया पडले. तिनं डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

भारतला ओवाळलं. फराळाच्या ताटल्या आल्या. भारतनं आईकडं बघून तळहाताची बशी ओठाला लावली. चहा घेतेस का? आईनं हात हलवून नको म्हटलं. भारतनं खांदे उडवले आणि चकली उचलली.

मला वाटलं, पोरगं विचारतंय म्हणून नको म्हणाली असेल, मी विचारते. मी तशीच बशी केली, ओठाला लावली.

आई उठली. गुडघ्यावर हात देऊन, भिंत धरून स्वयंपाकघरात गेली आणि पातेल्यात पाणी ओतायला लागली.

"अगं, अगं, कशाला?" मी मागोमाग धावले. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

"आता का?" भारत मागून म्हणाला. "तूच सांगितलंस की."

"मी काय सांगितलं?"

"चहा कर म्हणून."

"मी विचारलं तिला! घेतेस का म्हणून विचारलं!"

"कुठं विचारलंस, अक्का? सरळ हुकूम सोडलास. आल्यापास्नं बघतोय मी, तू तिच्याशी मोकादमागत बोलायलीस. जेव. बस. पाणी. मला वाटलं, दोघींचं वाजलंय काहीतरी."

"अरे, मी तीच खूण केली जी तू केलीस."

"खूण तीच गं. पण इचारताना आपण असं करतोय न्हवं का?" आणि त्यानं बशी ओठाला लावली, आणि त्याच्या दोन्ही भुवया कपाळावर चढल्या. मग त्यानं हात पसरला, भुवया नाकाकडं ओढल्या आणि मधे दोन उभ्या आठ्या पडल्या. "आणि हे कुठं, कधी, कशाला. तुझ्या तोंडावर तर काहीच हलंना. नुसतेच हात."

मी त्याच्या कपाळाकडं बघत राहिले. आम्हाला हे कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून ते शिकलोय हेही माहीत नव्हतं. प्रश्न हात विचारतात असंच मी जन्मभर समजत आले होते. आमच्या हातांना 'का' नव्हता, 'कधी' नव्हता, ते सगळं कपाळाचं काम. त्याच्या कपाळावर पडल्या त्याच दोन आठ्या माझ्याही. मोठी म्हणून आईच्या आणि जगाच्या मधे मीच उभी राहायची, तिला सगळं विचारायचं काम माझं. दिवसातून कितीदा ते कोण मोजणार? शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत विचारून विचारून त्या कोरल्या गेल्या होत्या.

आणि मग ते चार दिवसांचं आठवलं. कान ओढला, हात पुढं फेकला, चार बोटं दाखवली. वर कपाळ थंड.

भारतकडं जा.

मी न्हाणीघरात जाऊन आरशासमोर उभी राहिले. भुवया उचलायचा जीव तोडून प्रयत्न केला. डोळ्यांतून पाणी आलं, पण कपाळ तसंच देवीपुढं बसल्यासारखं शांत.

बाहेर आले तेव्हा आई पुन्हा गॅलरीत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. डाव्या हाताच्या दोन बोटांनी स्वतःच्या भुवया वर ढकलून धरल्या आणि उजव्या हातानं कान ओढला, हात पुढं फेकला, चार बोटं दाखवली. पुन्हा केलं. आईला ती नक्कल वाटली असणार. तिनं तोंड फिरवलं. मी तिचे गुडघे धरून तिला फिरवलं, सुईची खूण केली, कपाळ दाखवलं, मग भुवया ढकलून परत सगळं सांगितलं. माझ्या भुवया सारख्या निसटत होत्या. कुणी समोरच्या इमारतीतून बघितलं असतं तर या बाईला काय झालंय असं त्याला वाटलं असतं.

आईनं खुर्ची पुढं ओढली. मग खुर्चीतून वाकली आणि तिनं दोन्ही अंगठे माझ्या भुवयांवर ठेवले. वर ढकलल्या, सोडल्या. मग दोन्हीकडून कातडी मधे ओढून आठी पाडून बघितली. अंगठे काढले की कपाळ परत सपाट. तिनं हे पुन्हा पुन्हा केलं, कणकेचा गोळा बघावा तसं. आणि मग तिचे हात एकदम थांबले.

"चहा," ती म्हणाली. "दूधवाला. गुडघा."

"हो. सगळं विचारलेलं."

"जा?"

"तेही विचारलेलं."

तिच्या गळ्यातून तो आवाज निघाला. हसताना निघतो तोच, तिला स्वतःला ऐकू न येणारा. भारत आतून धावत आला. आई हसत होती, माझ्या गुडघ्याकडं बोट दाखवून हसत होती, आणि मग तिनं पदरानं डोळे पुसले.

तिनं तिच्या सगळ्या सुरकुतलेल्या चेहऱ्यानं, भुवया पार वर नेऊन विचारलं, "तुला मी तिथं पाहिजे?"

याला काही कपाळ लागत नव्हतं. मी दोन्ही हात छातीशी ओढून घेतले. पाहिजेस.

ती उठली. आत जाऊन तिनं सुनीताच्या देवघरातून टाक काढले आणि पुन्हा लाल फडक्यात बांधले. सुनीता गोंधळून भारतकडं बघायला लागली, आणि भारतनं तिला नंतर सांगतो अशी खूण केली. गाठोडं मांडीवर घेऊन आई माझ्याशेजारी येऊन बसली.

"दुकानात चांगलं चाललंय?" तिनं विचारलं.

"चांगलं. वरचा मजला मला मिळाला. पण परत सुई घ्यावी लागेल. या आठवड्यातच."

"मग घे."

"आई..."

"घे. तेव्हा मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. तू हात हलव, मी समजून घेईन तू विचारतेस. छान दिसतेस. आयुष्यभर तू विचारलंस, आता जरा मी विचारते."

ती मनापासून बोलत होती. तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. आणि मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? तो वरचा मजला, ते आरसे, नवरीच्या आईचे भरून आलेले डोळे. आई समजून घेणार असेल तर बिघडतं कुठं? हो म्हणायला माझी मान निम्मी हललीसुद्धा.

पण मान हलवता हलवता माझं लक्ष त्या प्लास्टिकच्या खुर्चीकडं गेलं, समोरच्या भिंतीकडं गेलं. इतके दिवस ती इथं बसली होती, लेकीनं घराबाहेर काढलं असं समजून, एक शब्द बोलायला माणूस नाही अशा ठिकाणी. ते तिला विचारल्याशिवाय मला राहवेना. तिनं नाही म्हणावं अशी माझी फार इच्छा होती.

मी खुर्ची दाखवली. मग दोन बोटं डोळ्यांखालून गालावर ओढली. इथं रडलीस का?

आई माझ्या कपाळाकडं बघत राहिली. आत्ताच तर सगळं तिला कळलं होतं. तरी तिची नजर भुवयांवरून मधे गेली, मधून वर गेली, तिथं काही सापडतंय का बघत राहिली. मग ती ओशाळली. तिच्या भुवया जवळ आल्या आणि मधे दोन आठ्या पडल्या.

"तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं होतं.